वकीलसाहेब, एक विचारायचं होतं : धरून ठेवलाय, पण कुठल्या कायद्यानं?

उतारा, वाटणी आणि भाडेकरूंचे प्रश्न या खेपेला बाजूला ठेवलेत, पुढच्या अंकात घेतो, राग मानू नका. टपालात आणि व्हॉट्सॲपवर मिळून एकाच विषयाभोवतीची, म्हणजे कोंडलेला माणूस कोर्टातनं सोडवायचा कसा याची, बरीच पत्रं आलीत, त्यांना एकत्रच उत्तर देतो.

प्रश्न : सर नमस्कार, मी बेळगाव शहापूरचा. इंजिनिअरिंगला असताना माझा एक पंजाबी रूममेट होता, पुढं तो अमेरिकेला गेला, म्हणजे सरळ व्हिसावर नाही, मेक्सिकोकडनं, ते तुम्हाला कळलंच असेल. बॉर्डरवर धरलं, कसलातरी कागद देऊन सोडलं, मग त्यानं असायलमचा, म्हणजे आसऱ्याचा, अर्ज टाकला, वर्क परमिट आलं, कॅलिफोर्नियात ट्रक चालवायला लागला, एक चलन सोडलं तर पोलिसांचं काही नाही. बोलावलं की हजेरीला जायचा. आता हजेरीला गेला तर तिथंच बेड्या घातल्या. त्याची बायको रोज रात्री व्हॉइस मेसेज टाकतेय, भाऊ काहीतरी करा म्हणून, मागं पोरगं रडतंय ते पण ऐकू येतंय, खरं मी इथं बसून काय करणार. बॉन्ड, म्हणजे जामीन, मिळत नाही, जज्जला अधिकारच नाही म्हणालेत. असायलमची केस चालू असताना आत टाकता येतं काय? आणि हे हेबियस कॉर्पस केलं तर त्याला तिथं राहायला मिळतं काय?

उत्तर : दोस्ता, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, सगळा घोळ तिथंच होतोय. हेबियस म्हणजे याला कुठल्या कायद्यानं कोंडलंय ते तपासा, असा कोर्टाकडं केलेला अर्ज. तो जिंकला म्हणून असायलम मिळत नाही. असायलमचा दावा चालतो इमिग्रेशन जज्जपुढं, आणि तो जज्ज अमेरिकेच्या न्याय खात्याच्या पगारावरचा माणूस असतो, आपण कोर्ट म्हणतो तसं स्वतंत्र कोर्ट ते नव्हे. हेबियसचा अर्ज जातो फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात, आणि तिथं विचारणा एकच, याला कोंडलंय ते कुठल्या कलमाखाली आणि ते कलम याला लागतं काय. धड उत्तर आलं नाही तर कोर्ट म्हणतं सोडा, नाहीतर इतक्या दिवसांत जामिनाची सुनावणी घ्या. २०२० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टात एका श्रीलंकन तमिळ माणसाची केस झाली, बॉर्डर ओलांडून जेमतेम पंचवीस यार्डांवर सापडलेला, त्याला हेबियसच्या वाटेनं असायलमच्या नकाराचीच फेरतपासणी हवी होती, कोर्टानं सांगितलं ही वाट त्यासाठी नाही. त्यामुळं गावाकडं जिवाला धोका कसा आहे याची पानंच्या पानं या अर्जात भरू नका, ते असायलमच्या फायलीत. इथं लिहायचं ते कोंडण्याबद्दल.

आता बॉन्ड का नाही म्हणतात ते. तिथल्या इमिग्रेशन कायद्यात १९९६ पासून दोन कलमं शेजारी शेजारी आहेत. एक दारात येऊन प्रवेश मागणाऱ्यासाठी, त्यात कोंडून ठेवणं सक्तीचं. दुसरं आत राहणाऱ्याला पकडलं तर, त्यात जज्ज जामीन देऊ शकतो, कमीत कमी दीड हजार डॉलर. चोरून आलेला खरं वर्षानुवर्षं आत राहिलेला माणूस दुसऱ्या कलमात धरायचा अशी जवळजवळ तीस वर्षांची वहिवाट. जुलै २०२५ मध्ये आयसीईनं, म्हणजे त्यांच्या धरपकड खात्यानं, मेमो काढून ठरवलं की तपासणी न होता आत आलेला प्रत्येकजण, काल आला असो की वीस वर्षांपूर्वी, पहिल्याच कलमात. सप्टेंबरमध्ये इमिग्रेशन अपील बोर्डानं यजुरे हुर्ताडो या प्रकरणात त्यावर शिक्का मारला आणि खालच्या इमिग्रेशन जज्जांचे हात बांधले गेले. तुझ्या दोस्ताला सांगितलं ते हेच. मग लोक धावले फेडरल कोर्टाकडं, हजारोंनी हेबियसचे अर्ज पडले आणि बहुतेक ठिकाणी जज्जांनी सरकारचा हा अर्थ चुकीचा ठरवला, त्यात रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले जज्ज पण आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका जज्जनं तर देशभरच्या अशा लोकांचा एकच गट मानला, म्हणजे एकाचा निकाल तो सगळ्यांचा. उलट फेब्रुवारी २०२६ मध्ये पाचव्या सर्किटनं, म्हणजे टेक्सास आणि लुईझियाना ज्या अपील कोर्टाखाली येतात त्यानं, सरकारची बाजू उचलून धरली. म्हणजे माणूस तोच, कायदा तोच, आणि कोठडी कुठल्या राज्यात आहे त्यावर जामीन ठरतोय. मला तरी हे न्यायाचं लक्षण वाटत नाही.

म्हणून घाई. अर्ज जिथं माणूस कोंडलाय त्याच जिल्ह्याच्या कोर्टात पडला पाहिजे, हे २००४ मध्ये पादिया प्रकरणात ठरलं आणि एप्रिल २०२५ मध्ये व्हेनेझुएलाच्या लोकांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं परत तेच सांगितलं. आज कॅलिफोर्नियात असलेला माणूस परवा पहाटे विमानात बसवून टेक्सासला नेला की झालं, अर्ज टेक्सासमध्ये. पण एकदा अर्ज दाखल झाला आणि मग हलवला तर पहिल्या कोर्टाचा अधिकार जात नाही. हा नियम ज्या बाईमुळं मिळाला तिचं नाव मित्सुये एंडो. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन लोकांना छावण्यांत टाकलं तेव्हा सरकारी नोकरीतली ही मुलगी कॅलिफोर्नियातल्या टुली लेक छावणीत होती, तिथनं तिचा हेबियसचा अर्ज गेला, मग तिला हलवलं युटातल्या टोपाझला. मधे सरकारनं सांगितलं अर्ज सोड, तुला बाहेर सोडतो, खरं कॅलिफोर्नियाला परतायचं नाही. ती म्हणाली नको, आणि केस जिवंत राहावी म्हणून छावणीतच राहिली. डिसेंबर १९४४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिच्या बाजूनं निकाल दिला. आज रात्री बारा वाजता अर्ज ई-फाइल करणारा प्रत्येक वकील तिच्याच जिवावर करतोय, बहुतेकांना नाव ठाऊक नसेल तो भाग वेगळा.

तुझ्या दोस्ताच्या केसमध्ये एक गोष्ट मला बरी दिसतेय. बॉर्डरवर धरून कागदावर सोडलं म्हणालास ना, तो कागद बायकोला घरात शोधायला सांग. कोणत्या अटीवर सोडलं ते त्यावर असतं, आणि एकदा सरकारनंच हा पळणार नाही, धोका नाही म्हणून सोडलेला माणूस, हजेऱ्या नीट दिलेला, मधे काहीही बदललं नसताना सुनावणीशिवाय परत उचलणं हे त्यांच्या पाचव्या घटनादुरुस्तीच्या, म्हणजे रीतसर प्रक्रियेशिवाय स्वातंत्र्य काढून घ्यायचं नाही या हमीच्या, विरुद्ध आहे असं कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच जज्जांनी म्हटलंय. हजेरीचे शिक्के, टॅक्सचे कागद, पोराच्या शाळेचा दाखला, सगळं एका पीडीएफमध्ये. आणि ए-नंबर, ए पासून सुरू होणारा तो आकडा, त्यावरनं आयसीईच्या लोकेटरवर माणूस आज कुठं आहे ते दिसतं. सकाळ-संध्याकाळ बघत राहायचं.

असायलमची केस चालू असताना आत टाकता येतं काय, तर येतं. नुसता अर्ज टाकल्यानं कोठडीपासून सुटका नाही. आणि समजा उद्या केस हरला, हाकलण्याचा पक्का हुकूम झाला आणि नेणार कुठं हेच ठरत नसलं, तर २००१ चा झाडव्हिदास निकाल आहे. जर्मनीतल्या विस्थापितांच्या छावणीत जन्मलेला माणूस, त्याला कुठलाच देश घेईना, कोर्ट म्हणालं सहा महिन्यांनंतर, पाठवण्याची धड शक्यता दिसत नसेल तर कोंडून ठेवता येणार नाही. भारत आपली माणसं परत घेतोय, त्यामुळं तुझ्या दोस्ताला याचा फार उपयोग होईल असं वाटत नाही, खोटी आशा देत नाही.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. अमेरिकेचं पेपरात वाचतो. आपल्याकडं परदेशी माणसाला, पासपोर्ट नसलेल्याला, असं कोर्टात जाता येतं का? मूलभूत हक्क नागरिकांचे असं आम्ही शिकवत आलो. मुंडगोडचे तिबेटी निर्वासित मग कशाच्या आधारावर राहतात?

उत्तर : गुरुजी, शिकवलंत ते निम्मं बरोबर. कलम १९, म्हणजे बोलणं, फिरणं, वस्ती करणं, ते नागरिकांचं. पण कलम १४ आणि २१ मध्ये शब्द व्यक्ती असा आहे, त्यात सगळे आले. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की जीव आणि स्वातंत्र्य जपणं हे राज्याचं कर्तव्य, समोरचा नागरिक असो नसो. आणि कलम २२ चा तो चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करण्याचा नियम, त्यातनं वगळलाय तो शत्रुराष्ट्राचा परदेशी आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेतला, म्हणजे काही करण्याआधीच खबरदारी म्हणून कोंडलेला, माणूस. आसरा मागणारा शत्रू होत नाही.

खरं पुढचं ऐका, तिथं आपलं घोडं अडतं. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. आधी १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट होता, आता १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झालाय, त्यात वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय आत आल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असायलम हा शब्द घेऊन अर्ज टाकायला खिडकीच नाही. म्हणून आपल्याकडची कोर्टं कलम २१ ताणून काम भागवतात आणि कुणी किती ताणावं याला धरबंध नाही. गुजरात हायकोर्टानं १९९८ मध्ये इराकी निर्वासितांच्या प्रकरणात म्हटलं, जिवाला धोका असेल तिथं परत न ढकलणं हे कलम २१ मध्येच येतं, देशाच्या सुरक्षेला बाधा नसेल तर. आणि एप्रिल २०२१ मध्ये जम्मूत कोंडलेल्या रोहिंग्यांना सोडा म्हणून गेले तेव्हा सुप्रीम कोर्टानं नकार दिला, म्हणाले १४ आणि २१ आहेतच सगळ्यांना, पण हाकलून न देण्याचा हक्क वस्तीच्या हक्काला चिकटलेला आणि तो नागरिकांचा. फक्त रीतसर प्रक्रियेशिवाय पाठवू नका एवढं जोडलं. मला तो आदेश पटलेला नाही, जीव आणि वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

किती दिवस कोंडायचं, याचं उत्तर आसाममध्ये बघा. परदेशी ठरवलेली माणसं वर्षानुवर्षं डिटेन्शन सेंटरमध्ये, कारण बांगलादेश घेईना. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये तीन वर्षं झालेल्यांना एक-एक लाखाच्या दोन जामीनदारांवर सोडायला सांगितलं, करोना आला तेव्हा एप्रिल २०२० मध्ये ते दोन वर्षांवर आणि पाच हजारांवर आणलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पत्ता माहीत नाही म्हणून ६३ जण अडकलेले दिसल्यावर कोर्टानं आसाम सरकारला विचारलं, मुहूर्ताची वाट बघताय का? इंग्लंडमध्ये हा प्रश्न १९८३ मध्येच सुटलाय, तोही आपल्याच एका माणसावरनं. हरदयाल सिंग, डरहॅमच्या तुरुंगात हाकलण्याची वाट बघत पडलेला, पासपोर्टचे कागद पुढं सरकेनात, जज्ज वुल्फ म्हणाले हाकलण्यासाठी कोंडताय ना, मग त्याला वाजवी वेळ लागेल तेवढाच कोंडा आणि हालचाल करा. आजही तिथल्या प्रत्येक डिटेन्शन केसमध्ये त्याचं नाव निघतं.

मुंडगोडच्या तिबेटींचं वेगळं. त्यांच्याकडं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट असतं, ते वेळच्या वेळी रिन्यू करायचं, आणि २०२५ च्या नव्या कायद्याखाली सूट दिलेल्या गटांत नोंदणी असलेले तिबेटी आहेत. म्हणजे राहतात ते सरकारच्या मर्जीच्या कागदावर, कायद्यानं दिलेल्या हक्कावर नव्हे.

प्रश्न : वकीलसाहेब, आमचं निपाणीत सोन्याचांदीचं छोटं दुकान. मागं बाकड्यावर तीन बंगाली कारागीर बसतात, लई वर्षं झाली, बर्नर आणि फुंकणी घेऊन डाग लावत्यात, म्हणजे दागिन्याचे सांधे जोडत्यात, आमच्या घरचाच डबा खात्यात. गेल्या आठवड्यात चौकशी म्हणून पोलीस घेऊन गेले. आधार दाखवलं तर आधार चालत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी रात्री दोघं आले, तिसरा चौथ्या दिवशी आला. ते मुर्शिदाबादचे, आपल्या देशातले. पुन्हा नेलं तर आम्ही काय करायचं? आमच्यावर काय येईल काय?

उत्तर : वहिनी, पुन्हा नेलं तर पहिलं घड्याळ बघा आणि लिहून ठेवा. कुठल्या ठाण्याचे, किती वाजता, कोण साहेब. अटक म्हणतात की नुसती चौकशी, हे तोंडावर विचारा. अटक असेल तर कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला कळवावं लागतं, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्यावं लागतं, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच आहे, कलम ४७, ४८ आणि ५८. अटक नसेल तर रात्रभर बसवून ठेवायला कुठलंच कलम नाही. चौकशी चालू आहे हे उत्तर चौथ्या दिवशी चालत नाही. तुमच्या तिसऱ्या कारागिराच्या बाबतीत जे झालं ते माझ्या मते सरळ बेकायदा.

आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही हे त्यांचं म्हणणं खरं आहे. परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा बोजा ज्याच्यावर आरोप त्याच्यावर, हेही कायद्यात आहे. पण जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की आधी संशयाला काहीतरी सामग्री हातात पाहिजे, नुसतं भाषेवरनं किंवा कुणाच्या सांगण्यावरनं दार वाजवून सिद्ध कर म्हणायचं नाही. म्हणून कारागिरांना गावाकडनं मागवायला सांगा, आईबापांची नावं असलेली जुनी मतदार यादी, शाळेचा दाखला, जमिनीचा कागद, पंचायतीचा दाखला. मूळ घरी, झेरॉक्स तुमच्या तिजोरीत.

तरी सोडलं नाही तर धारवाड. बेळगाव जिल्हा हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाखाली येतो, कोल्हापूरला २०२५ च्या ऑगस्टात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच झालं म्हणून बरेच जण विचारतात, ते आपल्यासाठी नाही. अर्जाला डब्ल्यूपीएचसी, म्हणजे हेबियसच्या रिट अर्जाचा, नंबर पडतो आणि तो नातेवाइकानंच करायला पाहिजे असं नाही, मालक करू शकतो, शेजारी करू शकतो. बीरभूमची एक गरोदर बाई दिल्लीत राहायची, जून २०२५ मध्ये तिला, नवऱ्याला आणि मुलाला उचलून बांगलादेशात ढकललं. बापानं कलकत्ता हायकोर्टात हेबियसचा अर्ज केला, सप्टेंबरात कोर्टानं परत आणायचा हुकूम दिला, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, शेवटी डिसेंबरात ती आणि मुलगा परत आले. बाई भारतातनं बाहेर गेलेली असतानाही कोर्टानं अर्ज निरर्थक म्हणून फेटाळला नाही, हे लक्षात ठेवा. पण सहा महिने गेले.

तुमच्यावर यायचं काही नाही. नोकरांची माहिती ठाण्यात दिल्याची पोच तेवढी जपून ठेवा.

प्रश्न : परक्यांच्या सुटकेचं एवढं काय कौतुक? आधी आपल्या सीमाभागातल्या मराठी पोरांचं बघा, एक नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आपला काळा दिवस, आला की घरातनं उचलतात. (चिकोडीहून, नाव देऊ नका म्हणून)

उत्तर : एक नोव्हेंबरला उचललेल्या पोरासाठी आणि त्या पंजाबी ट्रकवाल्यासाठी अर्ज एकाच साच्याचा असतो, वेगळा फॉर्म नाही. तुमच्या जवळचंच उदाहरण देतो. एप्रिल १९५० मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली यांच्या दिल्लीभेटीच्या सुमारास सावरकरांना प्रतिबंधक स्थानबद्धतेत टाकलं, ठेवलं कुठं तर आपल्या बेळगावच्या तुरुंगात, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. मुलानं मुंबई हायकोर्टात हेबियसचा अर्ज केला आणि जुलैत राजकारणात भाग घेणार नाही या हमीवर सुटका झाली. हमी घेऊन सोडणं मला आवडत नाही, कोठडी बेकायदा असेल तर हमी कसली.

आणि १९७६ विसरू नका. आणीबाणीत एडीएम जबलपूर प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या पाचपैकी चार जज्जांनी सांगितलं की हेबियसचा अर्ज चालणारच नाही. आत होते ते सगळे भारतीय नागरिक, बरेचसे खासदार-आमदार. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले, पुढं सरन्यायाधीशपद हुकलं. तो निकाल रीतसर रद्द व्हायला २०१७ उजाडलं.

प्रश्न : खर्च किती येतो हो या अर्जाला? वकील नसेल तर? (हुक्केरी)

उत्तर : अमेरिकेत हेबियसची कोर्ट फी फक्त पाच डॉलर, आणि एओ २४२ नावाचा छापील फॉर्म आहे, कैदी स्वतः पेननं भरू शकतो, बायको किंवा मित्र त्याच्या वतीनं सही करू शकतात, त्याला तिथं नेक्स्ट फ्रेंड म्हणतात. प्रतिवादी म्हणून त्या कोठडीच्या वॉर्डनचं नाव घालायला विसरायचं नाही. कायद्यात सरकारनं तीन दिवसांत उत्तर द्यावं असं आहे, कारण दाखवलं तर वीसपर्यंत, प्रत्यक्षात जास्त लागतात. वकिलाची फी मात्र हजारांत डॉलर जाते, म्हणून आधी फुकट काम करणाऱ्या संस्था आणि लॉ कॉलेजांच्या क्लिनिकला, म्हणजे फुकट कायदेसल्ला केंद्रांना, फोन करावेत.

आपल्याकडं १९७९ मध्ये तिहारच्या एका कैद्यानं दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल जज्जला पत्र लिहिलं, सुप्रीम कोर्टानं तेच हेबियसचा अर्ज म्हणून घेतलं, सुनील बत्रा प्रकरण म्हणतात ते. पत्र चालतं, पण त्यात माणसाचं नाव, कधी नेलं, कुठनं नेलं आणि शेवटचा कुणी पाहिला एवढं पाहिजेच. वकील नसेल तर बेळगाव कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, कोठडीत असलेल्या माणसाला तिथं उत्पन्नाचा दाखला न देता फुकट वकील मिळतो. जाताना पत्रातल्या त्या चार गोष्टी एका कागदावर लिहून न्या, तिथला कारकून तेच आधी विचारणार.